शेवटच्या पानावरचे फुगे

रात्री दव गोठलं होतं. खणायचं यंत्र पहिल्या फेरीला निघालं तेव्हा मातीच्या वरच्या थराचे पापडासारखे तुकडे उडाले. खालची माती मात्र ओली आणि काळी होती. यंत्राच्या साखळीवरून बटाटे वर येत, मागं पडत, आणि त्यांच्याबरोबर सडक्या मासळीसारखा वास येई. ऑगस्टभर पाऊस लागला होता. उताराच्या तळाशी असलेल्या ओळींतले बटाटे जमिनीतच सडले होते. वरून साल शाबूत दिसे. हातात धरला की ती फुटे आणि पांढरा चिकट रस मोज्यातून आत बोटांपर्यंत जाई.

नोएला सॉसिए ओळीवर वाकली. पाय फाकवलेले, मधे टोपली, दोन्ही हात एकाच वेळी चाललेले. पोटऱ्यांपासून पाठीपर्यंतची तिची हालचाल मोठ्या बाईसारखी होती. वय तेराचं, पण अंगानं थोराड, खांदे बापाचे. शेजारच्या पट्ट्यात तिची आई लोरेट वेचत होती आणि त्यापलीकडे अकरा वर्षांची धाकटी जिनेट. जिनेट चार बटाटे वेची आणि मोजे काढून बोटांवर फुंकर मारी.

"फुंकून बटाटे टोपलीत येत न्हाईत," लोरेट म्हणाली.

"बोटं गळून पडतील मामाँ."

"पडू देत. वेचून टोपलीत टाक."

घरी फ्रेंच आणि शाळेत इंग्रजी अशा आमच्या खोऱ्यात सप्टेंबरात शाळा बंद ठेवतात. बटाटे निघेपर्यंत वर्ग रिकामे आणि शेतं पोरांनी भरलेली. मागच्या वर्षी या दिवसांत त्यांचा बाप, ओनेझिम, ते खणायचं यंत्र चालवत होता. साखळीत अडकलेला दगड काढायला त्यानं हात घातला आणि साखळी आपोआप पुढं सरकली. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी राहिली, मधलं सगळं गेलं. यंदा यंत्रावर दुसरा माणूस होता आणि सॉसिएंच्या घरून तिघी बायका वेचायला आल्या होत्या.

टोपली भरली की पिंपात ओतायची. पिंप भरलं की आपल्या आकड्याचं तिकीट कड्याखाली खोचायचं. नोएलानं तिकीट खोचलं तेव्हा मुकादम गिलमाँ मागंच उभा होता. त्याच्या तोंडात विझलेली सिगारेट होती.

"आकडा बरोबर लावलास ना? का त्याच्यासाठी पण बाई बोलवू शाळेतनं?"

पलीकडच्या पट्ट्यातल्या बायका हसल्या. नोएला परत ओळीकडं वळली. ती कुणालाच उत्तर देत नसे. शाळेत तर अजिबात नाही. सहावीच्या वर्गात ती तिसऱ्यांदा बसली होती. बाकाखाली तिचे गुडघे मावत नसत, म्हणून पाय बाहेर काढून आडवं बसावं लागे, आणि जाता-येता पोरं त्या पायांना मुद्दाम ठेचकाळत. यंदा जिनेटही सहावीत आली होती. तिचं बाक पुढं होतं.

*

दुपारी ट्रकच्या आडोशाला बसून सगळ्यांनी डबे उघडले. नोएलानं पावाचा एक तुकडा तोंडात कोंबला, हात पाण्यानं धुतले, स्कर्टला पुसले, परत धुतले. मग पिठाच्या स्वच्छ पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलं.

चित्रांचं इंग्रजी पुस्तक. मुखपृष्ठावर निळा, चकचकीत अंगाचा माणूस आगीतून चालत येत होता. कॅप्टन टंगस्टन. टंगस्टन हा सहजासहजी न वितळणारा धातू, म्हणून या माणसाला आग काही करत नाही, असं पहिल्याच पानावर लिहिलं होतं. किंमत कुठंच नव्हती. दुकानांतल्या चित्रपुस्तकांत असतात तशा गोळ्याबंदुकांच्या जाहिराती नव्हत्या. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'शाळांसाठी, विक्रीसाठी नाही' इतकंच. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे किंवा धास्ती आहे अशा पोरांसाठी ही पुस्तकं मुद्दाम छापली होती. फुग्यांत शब्द थोडे, अक्षरं मोठी, पानाच्या तळाशी अवघड शब्दांची पट्टी. सगळ्या जिल्ह्याला मिळून एकच खोकं आलं होतं आणि ते या शाळेतून त्या शाळेत फिरे. बहुतेक मास्तरांनी ते पाहिलंसुद्धा नव्हतं.

नवी बाई, मिस मार्तिन, हिनं ते मागून घेतलं होतं. ती खोऱ्यातलीच, नदीकाठच्या सुताराची मुलगी. सुट्टी लागायच्या दिवशी तिनं नोएलाला थांबवून घेतलं आणि खोकं हातात दिलं.

"सगळी वाच. आन् हे बघ, प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर चित्रं हायत, पण फुगे कोरे सोडलेत. ते तू भरायचे. तुला सुचेल ते लिही. पेन्सिलीनं." मग ती आणखी खालच्या आवाजात म्हणाली, "सुट्टीनंतर मिसेस व्हिटकोम येणार हायत जिल्ह्याहून. त्या हे बघणार. फुगे भरलेले दिसले तर तुला सातवीत घ्यायला त्या हो म्हणतील. मी बोलले हाय त्यांच्याशी."

नोएलानं मान हलवली. घरी तिनं एवढंच सांगितलं की ही शाळेची पुस्तकं आहेत, वाचायची आहेत आणि नीट परत द्यायची आहेत. बाकीचं कुणी विचारलं नाही.

आता ट्रकच्या चाकाला टेकून ती ओठ हलवत वाचत होती. बोट ओळीखालून सरकत होतं.

"'थ्रू'," जिनेट खांद्यावरून वाकून म्हणाली. "'तो भिंतीतून आरपार गेला.' एवढं पण येत न्हाई?"

"येतंय."

"मग म्हण."

"तू जा ना बाजूला."

एवढ्यात पुस्तक वरच्या वर उचललं गेलं. गिलमाँच्या मोज्यांना सडक्या बटाट्याचा चिकट लगदा होता. त्यानं छाती फुगवून, इंग्रजीची नक्कल करत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. त्याला वाचता येत नव्हतंच; तोंडाला येतील ते आवाज काढत होता. "बूम! वॉश-वॉश! मी कॅप्टन पोटॅटो!" बायका पाव चावता चावता हसल्या. यंत्रावरचा माणूसही हसला.

लोरेट उठली. तिनं हसू तोंडावर ठेवलं होतं, कारण काम गिलमाँच्या हातात होतं. "द्या ओ मिस्ये गिलमाँ. शाळेचं हाय ते."

"एवढी मोठी घोडी झाली, चित्रं कसली बघती?"

"शाळेचं हाय," लोरेट परत म्हणाली. या वेळी तिनं हात पुढं केला. त्यानं पुस्तक सोडलं. कव्हरच्या कडेला बोटाएवढा तपकिरी डाग पडला होता. लोरेटनं तो पदरासारखा पुढं आलेल्या रुमालाच्या टोकानं टिपला, थुंकी लावून परत टिपला. ती नोएलाकडं वळली तेव्हा तोंडावरचं हसू गेलं होतं.

"शेतात कशाला आणतीस? डाग दिसला तर मला बोलावतील तिथं. मला जायला लावू नकोस त्या इमारतीत."

त्या इमारतीत लोरेट सहावीपर्यंत शिकली होती. आवारात एकदा ती मैत्रिणीला फ्रेंचमध्ये म्हणाली, 'तुझी वेणी सुटली.' त्या एका वाक्यासाठी फळ्यापुढं उभं राहून, मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही, हे इंग्रजी वाक्य तिनं फळा भरेपर्यंत लिहिलं, मग पुसून परत भरेपर्यंत. खडूची पूड घशात गेली. पाणी मागायला इंग्रजी शब्द आठवेना म्हणून तिनं पाणी मागितलं नाही. तेव्हा शाळेत इंग्रजीच बोलायचा कायदा होता. आता तो बदलला होता. वर्गात फ्रेंच बोललं तर कुणी काही म्हणत नसे, उलट मिस मार्तिन स्वतः बोले. लोरेटला हे कुणी सांगितलं तर ती व्हय व्हय म्हणे. पण शाळेवरून जाताना ती आजही रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जाई.

*

संध्याकाळी चुलीपाशी ओनेझिम झुलत्या खुर्चीत बसलेला असे. उजव्या हातावर लोकरीचा पायमोजा चढवलेला. थंडी पडली की नसलेली बोटं ठणकत, आणि पायमोजा काढायला त्याला आवडत नसे. लोरेटनं तव्यावर प्लोय टाकले. हे पिवळे, जाळीदार कुट्टूचे घावन आमच्याकडं एकाच बाजूनं भाजतात. पोरींनी त्यांना लोणी चोपडलं, वर गुळाचा काळा पाक ओतला आणि गुंडाळी करून खाल्ले. तिघींच्या हातांना साबणानंही न गेलेला वास येत होता.

नोएलानं जेवण झाल्यावर पुस्तक बापाच्या मांडीवर ठेवलं. तो डाव्या हातानं पानं उलटू लागला.

"हा उडतो व्हय?"

"व्हय पापा."

"मग बटाटे वेचायला का येत न्हाई? वरनं बरे दिसतील सडके कुठले ते."

नोएला हसली. घरात ती हसे. जिनेट म्हणाली, "पापा, त्याला गिलमाँ कामावर ठेवणार न्हाई. पिंपात मावणार न्हाई तो."

ओनेझिम थोडा वेळ एका चित्राकडं बघत राहिला. त्यात कॅप्टननं तापलेला लोखंडी दरवाजा नुसत्या पंजानं ढकलून उघडला होता. मग त्यानं पुस्तक मिटलं.

"कोठारात माणसं घेतायत," तो लोरेटला म्हणाला. "पट्ट्यावर निवडायला. हिला नोव्हेंबरात चौदा पुरी होतात. कामाचा परवाना मिळंल."

"शाळा?"

"तिसऱ्यांदा त्याच वर्गात बसलीय. धाकटीच्या मागं. कशाला बसवायचं तिला तिथं, लोक दात काढतात. सातवीत घेतलं तर जाऊ दे. न्हाईतर कोठारात लाव."

लोरेट ताटं गोळा करू लागली. नोएलानं पुस्तक परत पिठाच्या पिशवीत सरकवलं. बटाट्याचं कोठार तिनं पाहिलं होतं. अर्धं जमिनीत पुरलेलं, खिडकी नसलेलं. हिवाळाभर बायका तिथं फिरत्या पट्ट्यासमोर उभ्या राहतात, पुढून बटाटे वाहत जातात, सडका दिसला की उचलायचा. दिवस उगवायच्या आधी आत जायचं आणि मावळल्यावर बाहेर यायचं. तिची मावशी तिथं होती. मावशीचे डोळे घरीही डावीकडून उजवीकडं फिरत राहत.

*

मग पाऊस लागला. यंत्र चिखलात रुतलं आणि काम थांबलं. दोन दिवस नोएला खिडकीपाशी बसून होती. पुस्तकं एकावर एक रचलेली, हातात बापाची सुतारी पेन्सिल. जाड, चपटी, मऊ शिशाची. फळीवर खूण करायची. घरात दुसरी नव्हती. लोरेट पीठ मळता मळता बघे. पोरीची जीभ दातांत आलेली असे. शब्द उतरवून घेत असेल, असं तिला वाटलं आणि बरं वाटलं.

नोएला फुगे भरत होती. पहिल्या पुस्तकात तिनं कॅप्टनच्या तोंडी पानाच्या तळाच्या पट्टीतले इंग्रजी शब्दच घातले. 'आग' आणि 'धाव'. दुसऱ्यातही तसंच. मग शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ती अडली. तिथं कॅप्टन घरी परत येतो. मुखवटा काढलेला आहे. खुर्चीत एक म्हातारा बसला आहे. चित्रं तीन, फुगे चार, बाकी काही नाही. त्या घरात काय बोलत असतील त्याचे इंग्रजी शब्द पट्टीत नव्हते. तुला सुचेल ते लिही, असं बाई म्हणाली होती. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती फ्रेंच अक्षरं जुळवायला शिकली होती. त्यांच्या जोरावर, कानाला येतं तसं, तिनं लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून बघितलं. आपण लिहिलेलं आपल्याला वाचता येतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं पुस्तक घाईनं मिटलं, कुणी बघेल म्हणून.

पाऊस उघडला. उरलेल्या ओळी काढल्या. आता टोपलीत येणाऱ्या प्रत्येक बटाट्यामागं एक फेकावा लागत होता. जिनेटच्या मनगटांवर पुरळ उठलं. लोरेटची कंबर धरली. ती गुडघ्यांवर चालत वेचू लागली आणि गुडघ्यांना तिनं पोत्याचे तुकडे बांधले. नोएला आपला पट्टा संपवून आईच्या पट्ट्यात येई. न बोलता दोघी एकाच टोपलीत टाकत. शेवटच्या दिवशी गिलमाँ पिंपांकडं बघत म्हणाला, "कॅप्टन पोटॅटो, पुढच्या साली पण ये." त्यात थोडं कौतुकही होतं.

*

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर पोरी टोपल्या धुवायला नदीवर गेल्या. ओनेझिम खुर्चीत डोळे मिटून होता. लोरेटनं पुस्तकं टेबलावर काढली. उद्या परत जायची होती. डागाचं कव्हर तिनं ओलसर फडक्यानं पुसलं, कोपरे अंगठ्यानं सरळ केले. आतल्या बाजूला शाळेचा शिक्का होता. 'पुस्तकावर लिहू नये.' शाळेतल्या सगळ्याच पुस्तकांवर तो असे; लिपिक खोक्यातलं प्रत्येक पुस्तक न बघता त्याखालून काढत असे. तेवढं इंग्रजी लोरेटला वाचता येत होतं.

तिनं शेवटची पानं उलटली आणि तिचे हात थांबले.

जाड काळी अक्षरं. फुग्याच्या बाहेर आलेली. तिनं पुढचं पुस्तक उघडलं, त्यातही. सगळ्यांत. शेवटच्या पुस्तकात तर ओळीच्या ओळी, आणि इंग्रजी नव्हे. लोरेट ओठ हलवून वाचू लागली, प्रार्थनेच्या पुस्तकातलं वाचतात तसं, एकेक अक्षर जोडत.

कॅप्टन म्हणत होता, 'पापा, हात दाखव.'

म्हातारा म्हणत होता, 'न्हाई.'

कॅप्टन म्हणत होता, 'बरं. मी पण शाळेत बोलत न्हाई. दोघं गप बसू.'

चौथा फुगा म्हाताऱ्याचा होता. तो लोरेटनं वाचला नाही. तिनं खुर्चीकडं पाहिलं. ओनेझिमचा पायमोजा पोटावर होता, श्वासाबरोबर वर-खाली होत होता. हे उद्या शाळेत उघडणार. जिल्ह्याची बाई बघणार. शाळेच्या पुस्तकावर, शिक्क्याच्या खाली, फ्रेंच. आणि त्यात त्याचा हात. तिच्या घशात खडूची पूड आली.

खोडरबर नव्हतं. तिनं पावाचा गाभा काढला, बोटांनी मळून गोळा केला आणि पुसायला लागली. मऊ शिसं पावाला लगेच येतं. गोळा काळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. जाड चपट्या पेन्सिलीचा दाब कागदात उतरलेला नव्हता, त्यामुळं खाली खूणही राहिली नाही. फक्त स्वस्त कागदाचे तंतू उभे राहून फुग्यांच्या आत लव आल्यासारखी झाली. पहिलं पुस्तक संपलं. दुसरं संपलं. शेवटच्या पुस्तकातल्या चौथ्या फुग्याशी ती जोर लावून घासत होती तिथं कागद विरला आणि मसुराएवढं भोक पडलं. तिनं फुंकर मारून पावाचे कण उडवले. काळे गोळे चुलीत टाकले. सगळी पुस्तकं इस्त्रीच्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली.

पोरी आल्या तेव्हा ती भांडी घासत होती.

"उद्या मीच येते तुझ्यासंगं," ती नोएलाला म्हणाली. "पुस्तकं नीट दिलेली बरी."

नोएलानं आश्चर्यानं आईकडं बघितलं. मग तिचा चेहरा उजळला. आईला बाईनं सांगितलं असेल, सातवीचं कळलं असेल, असं तिला वाटलं. तिनं मागून आईच्या कमरेला हात घातला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

*

मुख्याध्यापकांच्या खोलीत मिसेस व्हिटकोम टेबलामागं बसल्या होत्या. पिकलेले, आखूड कापलेले केस. गळ्यात साखळीला चष्मा. वाईट बाई नव्हत्या. लोरेट आत आली तेव्हा त्या उठल्या आणि त्यांनी खुर्ची पुढं केली. लोरेट खुर्चीच्या कडेवर बसली, प्रार्थनेला घालायचा कोट अंगात, हात मांडीवर. मिस मार्तिन खिडकीशी उभी होती. नोएला दाराजवळ होती, आणि ती हसू दाबत होती.

मिसेस व्हिटकोमनी फडकं सोडलं. "अगदी छान ठेवली आहेत पुस्तकं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. लोरेटला तेवढं समजलं. तिनं मान हलवली. तिची पाठ किंचित ताठ झाली.

त्यांनी पहिल्याचं शेवटचं पान उघडलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं जरा भरभर. चष्मा काढून त्यांनी मिस मार्तिनकडं पाहिलं.

"हे तर कोरं आहे."

मिस मार्तिन पुढं आली. तिनं पानं उलटली. नोएलाही टेबलापाशी आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. शेवटच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडं होतं. मुखवटा काढलेला कॅप्टन, खुर्चीतला म्हातारा, पांढरे केसाळ फुगे आणि एकात भोक.

"नोएला," मिस मार्तिन फ्रेंचमध्ये म्हणाली, "तू लिहिलं न्हाईस?"

नोएलानं आईकडं पाहिलं. ती बराच वेळ आईकडं बघत होती. लोरेटला आधी काही कळलं नाही. मग भोकाकडं बघणारी मिस मार्तिनही तिच्याकडं वळली, आणि तिला एकदम सगळंच कळलं.

"मी पुसलं," लोरेट म्हणाली. फ्रेंचमध्ये. त्या इमारतीत इतक्या वर्षांनी. "मी पुसलं बाई. शिक्का होता. लिहू नये असं होतं. आन् ते आपल्या भाषेत होतं. मला वाटलं तिला शिक्षा होईल."

"लिहायचंच होतं ते," मिस मार्तिन हळू म्हणाली. "त्याच्यासाठीच कोरे होते."

"मला कुणी सांगितलं न्हाई. मला काय ठाऊक. पोरीनं लिहिलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सगळ्यांत लिहिलं होतं. सांगा त्यांना."

मिस मार्तिननं मिसेस व्हिटकोमना इंग्रजीत सांगितलं. तिचं बोलणं भरभर आणि चढत्या आवाजात होतं. तिनं पान खिडकीशी नेऊन तिरपं धरलं, पण कागदावर दाबाची रेघ कुठंच उठत नव्हती. मिसेस व्हिटकोम ऐकत होत्या. त्या दोन-तीनदा 'अरेरे' म्हणाल्या, आणि त्यांचं वाईट वाटणं खरं होतं.

"मी आईच्या शब्दावर निर्णय देऊ शकत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण त्यात अडचण काय आहे? ती आत्ता लिहू देत. एकच फुगा. कुठल्याही भाषेत लिहू देत, मिस मार्तिन, तुम्ही मला सांगा. मला तेवढं पुरेल." त्यांनी स्वतःची पेन्सिल टेबलावर ठेवली, टोक केलेली, आणि पुस्तक नोएलाच्या बाजूला फिरवलं.

"लिही गं," लोरेट म्हणाली. "तेच लिही. पापाचं. लिही माझ्या बाई."

नोएलाच्या हातांना अजून भेगा होत्या, भेगांत काळी माती. तिनं पेन्सिल उचलली. टोक पानावर टेकलं. मग तिचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला, गळ्यापासून वर, आणि तिनं पेन्सिल आडवी ठेवली. इतकी हळू की आवाज झाला नाही.

"मी काहीही लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.

इंग्रजीत म्हणाली. एकही चूक न करता. त्या शाळेत तिनं आपणहून उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

"नोएला!" मिस मार्तिन म्हणाली.

"मी काहीही लिहिलं नव्हतं. माझ्या आईची काहीतरी चूक होते आहे."

मिसेस व्हिटकोमनी तिच्याकडं बघितलं, मग पुस्तकाकडं.  मग खोकं बंद करून त्यांनी दोरी बांधली. दुपारी ते पुढच्या शाळेत जायचं होतं. "बोलणं मात्र स्वच्छ आहे हिचं," त्या मिस मार्तिनला म्हणाल्या. "सहावीतच राहू दे. वसंतात परत पाहू."

"काय म्हणाली?" लोरेट विचारत होती. "ती काय म्हणाली, सांगा की बाई."

मिस मार्तिननं पेन्सिल उचलून मिसेस व्हिटकोमना परत दिली.

*

नोव्हेंबरात नोएलाला परवाना मिळाला. यंदा लोरेटही कोठारात लागली होती; नोएलाला तिच्या समोर, पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला उभं केलं. यंदा सडके इतके होते की पट्टा नेहमीपेक्षा सावकाश चालवत. दिव्याखाली सगळ्यांचे चेहरे पिवळे दिसत. नोएलाचा हात चांगला होता. पहिल्या आठवड्यातच मावशीनं तिची वाखाणणी केली.

घरात ती बोलत होती. गप्प झाली असती तर लोरेटला ते ओळखीचं वाटलं असतं. नोएला इंग्रजीत बोलत होती. जिनेटशी इंग्रजीत, आणि आईनं काही विचारलं तरी इंग्रजीत, छोटी, बरोबर वाक्यं. लोरेटला निम्मी समजत. ओनेझिमला त्यातलं काहीच समजत नसे.

एका रात्री जेवणाला उकडलेले बटाटे आणि खारवलेलं डुकराचं मांस होतं. खिडकीवर बर्फ आपटत होतं. ओनेझिमनं डाव्या हातानं ताट पोरीकडं सरकवलं.

"घे अजून. काय झालंय तुला? दिवसभर उभी असतीस."

नोएलानं ताटाकडं बघत काहीतरी म्हटलं. जिनेटनं मान वर केली, आईकडं पाहिलं आणि परत खाली घातली.

"काय म्हणाली?" ओनेझिमनं विचारलं.

नोएला म्हणाली होती, 'मला या घरात काही बोलायचं नाही.' हे वाक्य लोरेटला पूर्ण समजलं होतं.

"पोट भरलं म्हणती," ती म्हणाली, आणि तिनं ताट उचललं.